आम्हाला काय म्हणायचं, ते आम्हाला विचारा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी ठाण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. चाळिशीच्या आहेत, व्हीलचेअर वापरतात, घरूनच हिशेबाची कामं करतात. वार्षिक सभेच्या नोटिशीत मी आधी ‘अपंग’ असा शब्द लिहिला होता. तो बरा वाटेना म्हणून खोडला आणि लिहिलं, ‘आपल्या दिव्यांग भगिनीच्या सोयीसाठी या वर्षी सभा गच्चीऐवजी तळमजल्यावर घेण्यात येईल.’ सभेत त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘मला दिव्यांग म्हणू नका आणि भगिनीही म्हणू नका. मला नाव आहे. सोयच करायची असेल, तर दारातल्या तीन पायऱ्यांचं काहीतरी करा.’ मी चांगल्या मनानं लिहिलं होतं. सरकारसुद्धा दिव्यांगच म्हणतं. माझी मुलगी म्हणते, ‘बाबा, असे गोड गोड शब्द वापरणं म्हणजे समोरच्याला लहान मूल समजणं.’ आता मला काही बोलायचीच भीती वाटते. जपून बोलणं चुकीचं आहे का?
– एक सचिव, ठाणे

उत्तर : नोटीस लिहिताना तुमचा हात थांबला, एक शब्द खोडून तुम्ही दुसरा लिहिलात. बहुतेक लोक तेवढंही थांबत नाहीत. म्हणून आधीच सांगते, ती थांबायची सवय सोडू नका. पण बाजू मी त्या बाईंची घेणार आहे, कारण ती माझीही आहे.

मला लहानपणी पोलिओ झाला. चालायला लागले होते तेवढ्यात ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. मिरजेत वाढले. पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, त्याला जोडलेला चामड्याचा जड बूट आणि काखेत कुबडी. शाळेत मुलं मला ‘लंगडी’ म्हणायची आणि एक मास्तर ‘बिचारी’ म्हणायचे. मुलांशी मी भांडायची. एकदोघांना कुबडीचा प्रसादही दिला आहे. पण मास्तरांशी कशी भांडणार? ते तर मायेनं म्हणत होते. त्याच मायेनं सहलीच्या यादीतून माझं नाव काढायचे, त्याच मायेनं प्रयोगशाळेत मला स्टुलावर बसवून दुसऱ्यांचा प्रयोग बघायला लावायचे. ‘बिचारीला कशाला त्रास’ या एका वाक्यावर माझी शाळेतली कितीतरी वर्षं गेली. ‘लंगडी’ म्हणणाऱ्या पोरांनी मला लंगडीच्या खेळात मात्र घेतलं होतं. एका पायावर मी बरी खेळायची.

त्यामुळे तुमच्या मुलीचं म्हणणं मला पटतं, पण पूर्ण नाही. गोड शब्दामुळे कोणी लहान ठरत नाही. माणूस लहान ठरतो, तो त्या शब्दाच्या आडून त्याच्याबद्दलचं सगळं दुसऱ्यानं परस्पर ठरवून टाकलं की.

तुमचीच नोटीस बघा. ‘दिव्यांग’ हा शब्द काढून तिथं जगातला कुठलाही निर्दोष शब्द घातला, तरी त्या बाईंना ती बोचली असती. त्या नोटिशीनं इमारतीतल्या प्रत्येक घराला कळवलं की यंदा सभा गच्चीवर नाही, ती यांच्यामुळे. गच्चीवरची हवा गेली ती यांच्यामुळे. त्यांनी हे मागितलं नव्हतं, आणि तुम्ही त्यांना विचारलंही नव्हतं. नोटीस अशी लिहायला हवी होती : ‘सभा तळमजल्यावर होईल. लिफ्ट सुरू राहील.’ बस. ज्याला जे कळायचं ते कळलं असतं आणि कोणावर उपकार झाल्यासारखं दिसलं नसतं.

आता शब्दाबद्दल. ‘दिव्यांग’ हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून सुचवला. वर्षभराच्या आत केंद्राच्या अपंगांसाठीच्या विभागाचं हिंदी नाव बदललं. पुढे ३ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे जागतिक अपंग दिनी, महाराष्ट्र सरकारनं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. स्वतंत्र विभाग झाला ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती मी मनापासून मानते. पण शब्द जाहीर झाला तेव्हाच अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं असं की आमच्या शरीरात दिव्य काही नाही, आम्हाला देवत्व नको, हक्क हवेत. मला ते पटतं. देव केलं की मागणं बंद होतं. देवाला कोणी रजा, बढती, बसायला खुर्ची विचारत नाही.

दुसरी बाजूही मला माहीत आहे आणि ती लपवून ठेवणं बरोबर होणार नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी आयांना ‘दिव्यांग’ आवडतो. चार वर्षांच्या मुलाची आई फॉर्म भरताना म्हणते, ‘ताई, अपंग लिहिताना हात कापतो हो.’ तिला मी व्याख्यान देत नाही. तिचं मूल आहे, तिला आधार वाटतो तो शब्द तिनं वापरावा. तिनं निवडला ना, मग झालं.

मला स्वतःला ‘अपंग’ चालतं, आणि त्याला कारण आहे. केंद्र सरकारनं १९७७ मध्ये क आणि ड वर्गाच्या नोकऱ्यांत आमच्यासाठी ३ टक्के जागा राखून ठेवल्या. त्यातल्या एका जागेवर मी सरकारी बँकेत कारकून म्हणून लागले. माझ्या दाखल्यावर निळ्या शाईत ‘अपंग’ असं लिहिलेलं होतं. तो कागद दाखवून मी पगार मिळवला, भावाचं शिक्षण केलं, घर घेतलं. त्या शब्दाची मला कधी लाज वाटली नाही. पण माझ्याच वयाच्या एका मैत्रिणीला त्याच शब्दावरून सासरी टोमणे खावे लागले, म्हणून तिला तो ऐकवत नाही. तिच्यासमोर मी वापरत नाही.

असा मतभेद फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेतला अपंगांविषयीचा १९९० चा कायदा माणूस आधी आणि अपंगत्व मागून असं लिहितो, म्हणजे ‘अपंग’ न म्हणता ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’. त्याच देशातल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९९३ मध्ये ठराव केला की आम्हाला सरळ अंध म्हणा, आडवळणानं बोललात की अंध असणं ही लाजेची गोष्ट आहे असं वाटायला लागतं. दोन्ही बाजूंना अपंग माणसंच आहेत. म्हणून बाहेरच्या माणसानं एक शब्द पाठ करून सगळ्यांना लावायचा म्हटलं, तर ते जमणार नाही.

महाराष्ट्राला तर हा धडा फार जुना आहे. गांधीजींनी अस्पृश्यांना ‘हरिजन’ म्हणायला सुरुवात केली ती सद्भावनेनंच. १९३३ मध्ये त्याच नावाचं साप्ताहिकही काढलं. पण १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या कायदेमंडळात तो शब्द कायद्यात घालायचा प्रस्ताव आला, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी आणि डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. आमचं नाव काय असावं हे आम्हाला ठरवू द्या, एवढीच मागणी होती. ती मानली नाही, तेव्हा बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. पुढे १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी स्वतःची संघटना काढली आणि नाव घेतलं ‘दलित पँथर’. ‘हरिजन’ हा शब्द ‘दलित’पेक्षा कितीतरी मऊ आहे. तरीही मऊ शब्द नाकारला गेला आणि खरखरीत शब्द अभिमानानं छातीवर लावला गेला, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. अपंगांची आणि जातीची दुःखं वेगळी आहेत, ती मी एका मापानं मोजत नाही. पण नाव देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

म्हणून ‘बोलायचं कसं’ याचं माझं उत्तर साधं आहे : शक्य असेल तिथं विचारा. त्या बाईंच्या घरी जा आणि म्हणा, ‘नोटिशीत उल्लेख करायची वेळ आली तर कसा करू?’ बहुधा त्या म्हणतील, ‘आडनाव लिहा, फ्लॅट नंबर लिहा.’ जिथं विचारता येत नाही तिथं जे आहे ते लिहा. व्हीलचेअर वापरतात. डोळ्यांना दिसत नाही. ऐकू येत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. त्यात थॅलेसेमियाचा मुलगा आहे, पार्किन्सनचे आजोबा आहेत, ॲसिड हल्ल्यातून वाचलेली मुलगी आहे. या सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या. नेमकं बोललं की नेमकी सोय करता येते.

भीती वाटते असं तुम्ही लिहिलंत. कायद्याची म्हणत असाल तर ऐका. २०१६ च्या कायद्याचं कलम ९२ अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंड सांगतं. त्यात चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या शब्दांची यादी नाही, तिथं पाहायचा तो हेतू. तुमचा हेतू वाईट नव्हता, हे त्या बाईंनाही माहीत आहे. अपमान झाला असं वाटलं असतं तर त्या सभेत बोलल्या नसत्या, सभेला आल्याच नसत्या.

या निमित्तानं दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दलही लिहायलाच हवं. तुमच्या मुलीचं वाक्य उचलून काही जण म्हणतील, ‘बघा, गोड बोलणंच वाईट, आम्ही आंधळ्याला आंधळा आणि पांगळ्याला पांगळा म्हणणार, आम्ही स्पष्ट बोलणारी माणसं.’ हे मला अजिबात मान्य नाही. अशा स्पष्ट बोलणाऱ्यांना मी आयुष्यभर ओळखते. मला बघायला आलेल्या मंडळींमध्ये ते होते, बढतीच्या मुलाखतीत समोर बसले होते. ते स्वतःच्या वरिष्ठांबद्दल असं स्पष्ट कधी बोलत नाहीत. ज्याच्याकडून उलट उत्तर येणार नाही अशी खात्री असते, तिथंच त्यांचा स्पष्टपणा बाहेर येतो. ‘लंगडी सबब’ हा शब्दप्रयोग मी स्वतः सोडला आहे. भाषेत दुसरे शब्द भरपूर आहेत, फुटकळ सबब म्हटलं तरी तेच सांगता येतं. कोणी म्हटला तर मी टोकत नाही, पण माझ्या तोंडून तो यायला नको असं मला वाटतं. जपून बोलणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच, आणि यात कोणी कोणाला लहान समजत नाही.

कमी लेखणं शब्दाच्या बाहेर किती असतं, ते सांगते. भाचीबरोबर दवाखान्यात जाते, तर काउंटरवरची मुलगी भाचीला विचारते, ‘यांचं वय काय? यांना साखर आहे का?’ मी समोर उभी असते. शब्द एकही वावगा नसतो. रस्ता ओलांडताना अनोळखी माणूस न विचारता माझ्या कुबडीच्या हाताला धरतो, आणि नेमका तोच हात धरला की माझा तोल जातो. भाजी घेऊन घरी निघाले तर कोणी म्हणतं, ‘तुमच्या जिद्दीला सलाम.’ अहो, मेथीची जुडी आणायला कसली जिद्द! यातल्या कोणाला मी वाईट माणूस म्हणणार नाही. पण यापैकी एकानंही ‘मदत हवी का?’ असं विचारून उत्तराची वाट पाहिली असती, तर मला जास्त बरं वाटलं असतं.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर निकाल दिला. पडद्यावर अपंग माणसं कशी दाखवावीत याबद्दल त्यात काही सूत्रं आहेत, आणि त्यातलं एक अपंगांच्या चळवळीचं जुनंच सूत्र आहे : आमच्याविना आमच्याबद्दल काही नको. चित्रपटाला जे लागू आहे ते सोसायटीच्या नोटिशीलाही लागू पडतं.

राहिल्या त्या तीन पायऱ्या. त्या बाईंच्या बोलण्यातला मुद्दा तोच होता, आणि तुमच्या पत्रात त्याचं पुढे काही झालेलं दिसत नाही. त्या बाई बाहेर कशा पडतात, याचा कधी विचार केलात का? दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टनं खाली येतात आणि मग कोणीतरी खुर्ची उचलतं. वॉचमन असेल, एखादा पार्सल पोचवणारा मुलगा असेल. म्हणजे घराबाहेर पडायला त्यांना प्रत्येक वेळी दोन परक्या पुरुषांच्या हातांची वाट बघावी लागते. ‘भगिनी’ या शब्दावर त्या का चिडल्या, ते मला इथं लख्ख दिसतं.

रॅम्पचं गणित सोपं आहे. उताराचं प्रमाण एकास बारा. एक पायरी सहा इंचांची धरली तर तीन पायऱ्यांची दीड फूट उंची होते, त्याला अठरा फूट लांबीचा उतार लागतो. रुंदी चार फूट हवी, दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली खुर्ची वळवता येईल एवढी सपाट जागा. सरळ अठरा फूट नसतील तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवता येतो. पुष्कळ सोसायट्या पायऱ्यांवर एक फळी नाहीतर फरशी तिरकी टाकतात आणि रॅम्प झाला म्हणतात. तेवढ्या चढावर स्वतःच्या हातांनी चाक फिरवून वर जाता येत नाही, आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडते. गंमत अशी की नीट बांधलेला उतार झाला की सगळ्यात आधी तो सिलिंडरवाला वापरतो, मग बाळाच्या गाडीवाली आई, मग गुडघे दुखणारी निम्मी सोसायटी. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या, आराखडा करताना त्या बाईंना समोर बसवा, आणि खर्च दुरुस्ती निधीतून करा. वर्गणी काढून करू नका. वर्गणी काढलीत की पुन्हा ती उपकाराची नोटीस होईल.

---

प्रश्न : ताई, माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. आमचे थोरले काका म्हणतात, पत्रिकेत आईच्या नावाआधी ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) छापायचं, तोच मानाचा शब्द आहे, ‘विधवा’ म्हणण्यापेक्षा किती चांगला. चुलत बहीण म्हणते, ‘श्रीमती’ छापा. मला वाटतं, काहीच नको, नुसतं नाव द्यावं. आईला विचारलं तर म्हणते, ‘तुम्ही ठरवाल ते.’ कशानं तिचा मान राहील?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आईला कोणासमोर विचारलंत? बैठकीत सगळे बसलेले असताना, दीर समोर असताना विचारलं असेल, तर ‘तुम्ही ठरवाल ते’ याला मी उत्तर मानणार नाही. रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर दोघीच असताना परत विचारा. आणि ‘काय छापू?’ असं मोघम विचारू नका. तिन्ही प्रकार कागदावर लिहून तिच्या हातात द्या, तिला वाचू द्या.

तुमचे काका ज्याला मानाचा शब्द म्हणतात, तो पत्रिकेतून वाचणाऱ्याला एकच माहिती देतो : या बाईंचा नवरा हयात नाही. ‘सौ.’ जी माहिती देतं तिची ही दुसरी बाजू. पुरुषाच्या नावाआधी मात्र ‘श्री.’च राहतं, बायको असो नसो. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांच्या नावाआधी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा प्रस्ताव तयार करायला आपल्या खात्याला सांगितलं होतं. हेतू सन्मानाचा आहे असं ते म्हणाले. पण बायकांच्या संघटनांनी एवढा विरोध केला की ही फक्त चर्चा होती, निर्णय झालेला नाही, असा खुलासा करावा लागला. तो विरोध योग्यच होता. ज्यांच्या नावाला हा शब्द चिकटणार, त्यांनी तो मागितला नव्हता.

त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं काय केलं ते आठवा. ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्या ठरावात बाईला काय म्हणायचं याचा विचार नव्हता, तिच्याशी काय करायचं नाही याचा होता.

पण मऊ शब्दाला मी सरसकट नाकं मुरडत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी घर काढलं आणि नाव ठेवलं ‘शारदा सदन’. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठीच काढलेल्या संस्थेचं नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ होतं. दारावर ‘विधवा’ असं लिहिलेलं नव्हतं, हे त्या मुलींना किती बरं वाटलं असेल! त्या पाटीच्या आत पुस्तकं होती, शिक्षण होतं, पुढचं आयुष्य होतं. अशी पाटी कोणी लावली तर मी हात जोडीन.

म्हणून तुम्हाला पत्रिकेपलीकडचं विचारते. देवक बसवायला कोण बसणार आहे? जोडपंच हवं म्हणून काका-काकूंना बसवून आईला आत पाठवणार आहात का? मुलाला हळद लावायला ती पुढे असणार का? सून घरात येताना ओवाळायचं कोणी? हे ठरवून घ्या. हल्ली एकटी आई बसते, भटजीही चालवून घेतात, आधी स्पष्ट बोलून ठेवावं लागतं एवढंच. आणि निमंत्रक म्हणून तिचं नाव सगळ्यात वर घ्या, काकांच्या खाली नको. लग्न तिच्या मुलाचं आहे.

‘श्रीमती’ सरकारी कागदांवर सगळ्याच बायकांना लावतात, तेव्हा तो वावगा नाही. पण लग्नपत्रिकेत ‘सौ.’च्या रांगेत तो आला की वाचणारे त्याचाही तोच अर्थ काढतात. माझं मत तुमच्यासारखंच आहे : नुसतं नाव. सगळ्याच बायकांची नुसती नावं छापा, काकूंचंही, म्हणजे आई वेगळी पडणार नाही. मात्र आई कागद वाचून म्हणाली, ‘गं. भा. लिही, तुझ्या बाबांची आठवण म्हणून मला हवं आहे’, तर गं. भा. छापा आणि तिच्याशी वाद घालू नका. तिचं नाव आहे.

---

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे, हिंजवडीत नोकरी करते. आमच्या टीममध्ये नवीन मुलगा आलाय, त्याला अजिबात ऐकू येत नाही. त्याला काय म्हणायचं यावर आमची चर्चा चालते. कोणी म्हणतं कर्णबधिर, कोणी स्पेशल. चुकून दुखावलं जाईल म्हणून आम्ही त्याच्याशी फारसं बोलतच नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : तू वयानं माझ्या भाचीएवढी आहेस, म्हणून सरळ सांगते. तुम्ही त्याच्याबद्दल चर्चा करता आणि त्याच्याशी बोलत नाही, तेव्हा दुखावणं सुरू झालेलंच आहे. त्याला नावानं हाक मारा, म्हणजे खांद्याला हलकेच हात लावा किंवा समोर जाऊन हात हलवा. ‘स्पेशल’ म्हणू नका, ते लहान मुलांच्या शाळेतलं आहे. मराठीत कर्णबधिर चालतं, त्यांच्यातले पुष्कळ जण स्वतःला डेफ म्हणवतात, काहींना त्याचा अभिमान असतो. ‘मुका’ मात्र कधीच म्हणू नका. त्याला भाषा आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ पासून दिल्लीत केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्या शब्दकोशात १०,००० हून अधिक शब्द आहेत आणि तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यालाच विचार, ‘चहा’ची खूण कशी करतात.

त्याला ओठ वाचता येतात की लिहिलेलं सोपं जातं, हेही त्यालाच विचार, कारण सगळ्यांना ओठ वाचता येत नाहीत. बोलताना त्याच्याकडे तोंड करून, उजेडात, नेहमीच्या वेगानं बोला. ओरडू नका, ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात. मीटिंगमध्ये एका वेळी एकानंच बोलायचं आणि आधी हात वर करायचा, म्हणजे कोणाकडे बघायचं ते त्याला कळेल. व्हिडिओ कॉलवर मजकूर उमटण्याची सोय चालू ठेवा. सगळे एखाद्या विनोदावर हसलात आणि त्यानं ‘काय झालं?’ असं विचारलं, तर ‘काही नाही, नंतर सांगते’ असं म्हणू नकोस. तिथल्या तिथं लिहून दाखव.